कानात सांगितलेलं

माझ्या मागे कुणीतरी ओरडत धावतंय, हे मला नवी पेठेत अख्खी गल्ली ओलांडल्यावर कळलं. तेही ऐकून नाही, बघून. समोरून येणारी माणसं आधी माझ्याकडे आणि मग माझ्या पाठीमागे बघत होती. मी वळले.

एक लांबलचक तरुण, घामाघूम, हातात माझी खाकी कागदांची गुंडाळी. शाळेच्या गणवेशाचे सगळे नमुने त्यात होते. ती गुंडाळी हरवली असती, तर कारखान्यात दोन दिवस काम बंद पडलं असतं. त्याचे ओठ भराभर हलत होते, पण धापांमुळे एक अक्षर लागेना.

"मला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

हे सांगितलं की लोक दोनपैकी एक करतात. तान्ह्या बाळाशी बोलावं तसं तोंड वेडंवाकडं करून बोलतात, नाहीतर माझ्यासोबत कोण आहे ते शोधतात. त्यानं दोन्ही केलं नाही. खिशातून फोन काढला, काहीतरी दाबलं आणि फोन माझ्यासमोर धरून तो बोलू लागला.

पडद्यावर अक्षरं उमटत गेली...

'बाईसाहेब दहा मिनिटं झाली बोंबलतोय सगळी पेठ वळली तुम्ही सोडून. मला दमा नाही पण आता होणार.'

मी कागद घ्यायचे विसरले. त्या अक्षरांकडेच बघत राहिले.

एकोणिसाव्या वर्षी मला मोठा ताप आला. ताप उतरला, पण औषधांनी कान नेले. पूर्ण नाही, पण कुणी कानाशी येऊन ओरडलं तरच काहीतरी पोचायचं. एका शिबिरात मिळालेलं कानाचं मशीन दिवसभर शिट्ट्या मारायचं, ते कपाटात गेलं. तेव्हापासूनच्या सात वर्षांत लोकांनी मला फक्त कामाचं सांगितलं. जेव. चल. थांब. ओठ बघून तेवढं समजायचं. पण विनोद कुणी दोनदा सांगत नाही... आणि आज भर रस्त्यात एका अनोळखी माणसाचं पूर्ण वाक्य, विनोदासकट, माझ्यापर्यंत आलं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं. माझा आवाज कापला असावा, कारण त्याचा चेहरा एकदम मऊ झाला.

'ऐकू,' अक्षरं म्हणाली. 'ॲपचं नाव आहे ऐकू. आमच्या अब्बांसाठी फोनमध्ये ठेवलंय. तीस वर्षं पॉवरलूमवर होते, त्या खडखडाटात कान गेले.'

त्याचं नाव गुफरान. पेठेतच त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काउंटर, एक स्टूल आणि स्टुलावर बसलेले त्याचे अब्बा, मौलाचाचा. त्यांनी मला बघताच आपल्या कानाकडे आणि मग माझ्या कानाकडे बोट दाखवलं आणि असे हसले की जणू आम्ही एकाच गावचे.

"किती पैसे?" मी विचारलं.

'फुकट.'

"फुकट कसं काय?"

'जाहिराती दाखवतात अधूनमधून. ते खाली मान्य दाबा.'

पडद्यावर बारीक अक्षरांचा मोठा मजकूर होता. मी वर-खाली केलं, तो संपेचना.

"यात काय लिहिलंय?"

'कुणास ठाऊक. कुणी वाचत नाही की ते.'

मी मान्य दाबलं.

पुढचे दोन महिने मी कशी जगले ते सांगायला शब्द कमी पडतात. पूर्व भागातल्या कारखान्यात मी कटिंग मास्तर. माझ्या टेबलापलीकडे बारा बायका शिलाई करतात. त्या कामाच्या वेळी गातात, हे मला सात वर्षांत ठाऊक नव्हतं! फोन टेबलावर ठेवला आणि त्यावर ओव्या उमटायला लागल्या. मी कात्री खाली ठेवून वाचत बसले. रिक्षावाला स्वतःशीच किती बडबडतो, पेरूवाला गिऱ्हाईक गेल्यावर काय पुटपुटतो, अम्मी भाजी निवडताना अब्बांच्या फोटोशी बोलते... सगळं. साऱ्या शहराला तोंड फुटल्यासारखं वाटायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवसभराची वाक्यं पुन्हा वर सरकवून वाचायची. कुणी पुस्तक वाचतं, तशी मी सोलापूर वाचायची.

आणि गुफरानच्या दुकानात जायला निमित्तं शोधायची. कधी चार्जर, कधी काच, कधी 'अक्षरं बारीक दिसतात.'

'अक्षरं मोठी करायचं बटण मी तुम्हाला तीनदा दाखवलंय,' तो म्हणाला.

"विसरते मी."

'साठ पोरांची मापं तोंडपाठ आणि एक बटण विसरता?'

"मापं महत्त्वाची असतात."

तो हसला. हसण्याचं ॲप काहीच लिहीत नसे. ते मात्र मला माझं मलाच बघावं लागे — आणि मी बघायची.

आम्ही दोघं घरी दखनी बोलणारे. पण ॲपला दखनी कळायची नाही, भलतंच काहीतरी लिहायचं. म्हणून आम्ही एकमेकांशी मराठीत बोलायचो. शाळेतल्या बाईंसमोर उभं राहिल्यासारखं, नीट, अहो-जाहो करत. एकदा त्यानं 'च्या घेणार का' विचारलं तर पडद्यावर आलं, 'चाह घेणार का?'

"कसली चाह?" मी विचारलं.

त्यानं पडदा वाचला. कान लालभडक झाले. 'आल्याची,' तो म्हणाला.

एका दुपारी पेठेतून वरात चालली होती. मी फोन काउंटरवर ठेवून पायरीवर उभी राहिले. बँडचा आवाज मला ऐकू येत नाही, पण छातीत जाणवतो. वरात गेली, मी फोन उचलला आणि बस पकडली. खिडकीशी बसून सवयीनं वाचायला लागले. आधी बँडचा गोंधळ, अर्धवट शब्द. त्यानंतर एक वेगळीच ओळ.

'तू गाई तो दुकान मे उजळणी राहता.'

गाई? उजळणी? दुकानात कसली उजळणी? मी ती ओळ ओठांवर हळूहळू फिरवली. मराठीत नाही, आमच्या घरच्या बोलीत. तू... गई तो... दुकान में... उजाला नै रहता.

माझा स्टॉप गेला. त्यानंतरचाही गेला.

मी पाठमोरी असताना तो हे बोलला होता. मला ऐकू येणार नाही म्हणून. ॲप चालू आहे हे त्याच्या लक्षातच नव्हतं. मी ती ओळ इतक्यांदा वाचली की शेवटी डोळे मिटले तरी दिसायला लागली. माझ्यामुळे कुठेतरी उजेड पडतो... माझ्यामुळे? घरात मी म्हणजे जपायची वस्तू, कारखान्यात हात, रस्त्यात अडथळा. मी उजेड कधीपासून झाले?

मी त्याला काही सांगितलं नाही. तीन आठवडे नाही. तो समोर बसून बॅटऱ्यांबद्दल बोलायचा आणि मी मनात लाजायची. पण कधीकधी मध्येच अपराधी वाटायचं. त्यानं मला न दिलेली गोष्ट माझ्या पर्समध्ये होती.

त्याच दिवसांत रुपाली माझ्या टेबलाशी आली. ती मोडनिंबची, लग्न होऊन सोलापुरात आलेली, बाराजणींमध्ये माझी सगळ्यांत जवळची. इकडेतिकडे बघून तिनं फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं.

'कुणाला बोलू नको. दुसरा महिना हाय. मागल्या वेळचं तुला ठाऊकच हाय की. आता पाचवा लागल्याबिगर मी घरात बी सांगणार न्हाय.'

मी तिचा हात घट्ट धरला. मागच्या वेळी बातमी आधी सगळीकडे गेली आणि मूल राहिलं नाही. त्यानंतर प्रत्येक बाईनं तिला काहीतरी सुनावलं होतं. मी कुणालाही सांगितलं नाही. शपथेवर सांगते, एका शब्दानंही नाही.

दोन दिवसांनी मी पोळ्या लाटत असताना अम्मीनं वेळ बघायला माझा फोन उचलला आणि ती तशीच उभी राहिली. पडद्यावर पाळणे होते. तान्ह्या बाळांची टोपडी, दुपटी, 'होणाऱ्या आईसाठी खास सवलत.'

लग्न न झालेल्या मुलीच्या फोनवर हे! अम्मीनं फोन भाईजानच्या हातात दिला. भाईजाननं मला काही विचारलंच नाही. त्यानं स्वतःचा फोन उघडला आणि त्याच्याही फोनवर 'ऐकू' निघालं. माझा फोन त्याच्याच जुन्या खात्यावर चालायचा. माझ्या दोन महिन्यांतलं प्रत्येक वाक्य त्याच्याकडे जाऊन पडलेलं होतं. तो वाचत गेला. रुपालीच्या कुजबुजीवरून पाळण्यांचा उलगडा झाला, अम्मीनं सुटकेचा श्वास सोडला. मग तो एका ओळीवर थांबला आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं.

"ये गाय-गाय क्या लगाए?" त्याचे ओठ म्हणाले. मग त्यानंही ती ओळ पुटपुटून पाहिली. मग त्याला कळलं.

भाईजान ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मैं नै ढूँढने गया था, शाइस्ता. ये अपने आप आया मेरे पास."

आणि तेच सगळ्यांत भयंकर होतं. कुणी चोरी केलीच नव्हती.

पण खरी आपत्ती दोन दिवसांनी आली. अम्मीला बाजारात रुपालीची सासू भेटली. अम्मीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं होणाऱ्या नातवंडासाठी तोंडभरून दुवा दिली.

रुपाली माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मी घाईनं फोन पुढे केला. तिनं तो हातानं बाजूला सारला आणि अगदी सावकाश, मला ओठ दिसतील असं म्हणाली, "मी तुज्या कानात सांगितलं हुतं. फोनात न्हाय."

त्या संध्याकाळी मी 'ऐकू' काढून टाकलं. बोट बटणावर ठेवलं. सात वर्षांनी मिळालेलं शहर होतं ते. दाबलं आणि सगळं गप्प झालं. ओव्या, पेरूवाला, अब्बांच्या फोटोशी अम्मीच्या गप्पा, सगळं. आधीची शांतता मला अंगवळणी पडली होती. ही नवी शांतता मी स्वतः निवडलेली होती. ती फार जड होती.

दुसऱ्या दिवशी भाईजान म्हणाला, "दुकानवाले को मैं मिलता." मी म्हणाले, "पहले मैं."

गुफरानला मी सगळं सांगितलं. पाळणे, रुपाली, भाईजान. त्याचा चेहरा उतरत गेला. त्यानं सवयीनं स्वतःचा फोन काढला.

"नको," मी म्हणाले. "ओठ दिसू दे. हळू बोल."

"मीच दिलं होतं ते," तो हळू म्हणाला. "मीच म्हणालो, कुणी वाचत नाही."

"आणखी एक आहे..." मी काउंटरची कड पकडली. "वरात चालली होती त्या दिवशी तू माझ्या पाठीमागे काहीतरी बोललास. ते मी वाचलंय. तीन आठवड्यांपूर्वी. भाईजाननंही वाचलंय."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बोटांच्या फटीतून एक डोळा दिसत होता.

"वाईट वाटलं?" त्यानं हात काढून विचारलं. आम्ही अहो-जाहो सोडलेलं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"वाचल्याचं वाईट वाटलं. तू बोललास त्याचं नाही." मी मान खाली घातली. "पण मी उत्तर देणार नाही. असं चोरून वाचलेल्याला उत्तर कसं देऊ? आधी मला माझ्या कानांनी ऐकू दे."

त्यानं अब्बांना खूण करून दुकान सांभाळायला सांगितलं आणि म्हणाला, "चल. कान बघू."

सात रस्त्याजवळच्या श्रवणयंत्र केंद्रातल्या बाईंनी माझे कान तपासले. आता पूर्वीसारखी शिट्ट्या मारणारी यंत्रं राहिली नाहीत, असं त्यांनी लिहून सांगितलं. माझ्यासाठी दोन होती. एक फोनला जोडलेलं. घरबसल्या बोटानं आवाज कमी-जास्त करता येणारं, आणि कंपनीच्या सवलतीमुळे निम्म्या किमतीत. फक्त एका संमतीपत्रावर सही करायची. दुसरं साधं. कशालाही न जोडलेलं. काही बदलायचं झालं की केंद्रात यायचं, बॅटरी दर आठवड्याला बदलायची. आणि किंमत पूर्ण.

"संमतीपत्र घरी नेऊ का?" मी विचारलं. बाईंनी चमकून पाहिलं. हे कुणी मागितलं नसावं.

आम्ही ते कंबर तलावाच्या काठी बसून वाचलं. सत्तावीस पानं. कमळाच्या पानांवर पाणकोंबड्या जपून पाऊल टाकत चालल्या होत्या, आणि गुफरान मला अटी आणि शर्ती वाचून दाखवत होता. मला स्वतःलाही वाचता येतात, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. तरी तो वाचत होता, प्रत्येक शब्द ओठांवर नीट ठेवत, आणि मी त्याच्या ओठांवरून एक शब्द सुटू देत नव्हते. प्रेमात पडलेल्यांना कुणी शेर वाचून दाखवत असेल. मला कलम क्रमांक चार, उपकलम ब... आणि मला ते जगातलं सगळ्यांत सुंदर वाचन वाटलं.

अकराव्या पानावर तो थांबला. 'वापरकर्त्याच्या आसपासच्या व्यक्तींचे आवाज सेवेच्या सुधारणेसाठी जतन केले जाऊ शकतात.'

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"आसपासच्या व्यक्ती," मी म्हणाले. "म्हणजे रुपाली."

"आणि मी."

"त्यांची सही मी कशी करू?"

साध्या मशीनला माझी सगळी शिल्लक लागणार होती. ती मी स्वतःच्या कटिंग मशीनसाठी साठवली होती. स्वतःचा छोटा कारखाना, दारावर माझं नाव, असं स्वप्न होतं. ते पुढे ढकलावं लागणार होतं... किती, कोण जाणे. मी पाण्याकडे बघत बसले. गुफराननं माझ्या खांद्याला हलकेच बोट लावलं. मी वळले तसा म्हणाला, "थोडे मी घालतो."

"नको. कान माझे आहेत."

तो जरा दुखावला. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. "बरं. मग बॅटऱ्या तरी?"

"बॅटऱ्या चालतील."

"दर आठवड्याला लागणार. किती वर्षं आणून देऊ?"

मला हसू आवरेना. "तूच ठरव की," मी म्हणाले, आणि उठून चालायला लागले, म्हणजे त्याला माझा चेहरा दिसू नये.

पंधरा दिवसांनी माझ्या कानाच्या साच्यावर बेतलेलं मशीन कानावर बसलं. बाईंनी बारीकशी कळ फिरवली.

आधी वाटलं, पाऊस पडतोय. तो पंखा होता. मग काहीतरी कर्रर्र वाजलं. बाई कागद उलटत होत्या. कागद वाजतो! मी सात वर्षं रोज कागद कापत होते... मी खुर्चीतून उठले तर माझ्या चपला वाजल्या. मी दोन पावलं पुढे गेले, दोन मागे आले, पुन्हा पुढे. बाई हसल्या, आणि त्यांचं हसणंही वाजलं. अक्षरांना हे काही येत नव्हतं. अक्षरांना पंखा ऐकू यायचा नाही, चप्पल ऐकू यायची नाही. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, तो तर नाहीच.

घरी अम्मी म्हणाली, "आई क्या बेटा?" आणि मी दारातच रडले. अम्मीचा आवाज म्हातारा झाला होता. मला कुणी सांगितलंच नव्हतं. भाईजान बाजूला तोंड करून उभा होता. त्यानं नाक ओढलं, तेही मला ऐकू आलं. "ज़रा आहिस्ता रो," तो म्हणाला, "अब तेरेकू खुद सुनना पड़ता." मग म्हणाला, "वो दुकानवाले के अब्बा को इतवार को बुला. अम्मी मिलती उनकू."

कारखान्यात रुपाली दोन दिवस लांबूनच बघत होती. तिसऱ्या दिवशी ती टेबलाशी आली. तिसरा महिना लागला होता, बाळ ठीक होतं.

"त्यो फोन कुटं हाय?" तिनं विचारलं.

"पिशवीत. बंद."

तिनं माझ्या कानामागचं मशीन नीट न्याहाळलं, बोटानं हलकेच चाचपलं. मग वाकून कानाशी आली. काय म्हणाली ते मी तुम्हाला सांगणार नाही. पण ती गेल्यावर पलीकडे शिलाई मशीनं सुरू झाली आणि बायका गायला लागल्या. त्या किती बेसूर गातात! मला एवढं सुंदर काही कधी भेटलं नव्हतं.

गुफरानला मी मुद्दामच पाच दिवस भेटले नव्हते. त्याचा आवाज मला गोंगाटात नको होता. शुक्रवारी दुपारी आम्ही पुन्हा कंबर तलावावर गेलो. तो माझ्यासमोर उभा राहिला. ओठ उघडायचे, मिटायचे.

"बोल की," मी म्हणाले.

"डर लगता," तो म्हणाला. आमच्या बोलीत, पहिल्यांदाच. "तुजे मेरी आवाज पसंद नै आई तो?"

मी तीन महिने कल्पना केली होती. एवढा उंच माणूस, आवाज जाड असणार, खोल, बँडसारखा छातीत वाजणारा. तसं काहीच नव्हतं. त्याचा आवाज बारीक होता, थोडा घोगरा, शेवटाला किंचित फाटणारा. मी कल्पनेत कितीही प्रयत्न केला असता तरी मला तो सुचला नसता. मी बघतच राहिले. खरं म्हणजे, ऐकतच राहिले.

"बोल ना फिर से," मी म्हणाले. "कुछ भी."

त्यानं एक श्वास घेतला. मी तो ऐकला.

"तू गई तो... दुकान में उजाला नै रहता."

पाणकोंबडी ओरडली, कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, वाऱ्यानं कमळाची पानं पाण्यावर चटचट आपटली. सगळं एकाच वेळी कानात आलं, आणि तरी त्याचं वाक्य त्या सगळ्यांतून सरळ माझ्यापर्यंत पोचलं.

आता माझी पाळी होती. गेली सात वर्षं मला कुजबुजता येत नव्हतं. आवाज किती मोठा होतोय ते कळायचंच नाही, म्हणून मी गुपित असं कधी कुणाला सांगितलंच नाही. आज मी आधी स्वतःशीच एक शब्द पुटपुटून पाहिला. तो मला ऐकू आला, अगदी हलका, वाफेसारखा. जमत होतं!

मी टाचा उचलल्या. गुफरान खाली वाकला. त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी त्याला उत्तर दिलं, इतक्या हळू की पुढ्यातल्या पाण्यालाही कळलं नसेल. त्याच्या कानाची पाळी आधी लाल झाली, मग गाल, मग तो सगळाच.

मी काय म्हणाले ते फक्त त्याला ठाऊक आहे.